खाणीचें कर्ज आणि खाणीची प्राप्ति

कर्ज किती आहे, या प्रश्नाचें उत्तर ताळेबंदांत सांपडतें; कर्ज फार आहे कीं थोडें, याचें उत्तर तेथें सांपडत नाहीं. जें देणें एखाद्या कारकुनाची झोंप उडवील, तेंच एखाद्या पेढीवाल्याच्या ध्यानांतही राहणार नाहीं. म्हणून कर्जाचें मोजमाप नेहमीं कर्ज घेणाराच्या प्राप्तीशीं ताडून करावें लागतें. ही गोष्ट घरोघरीं ठाऊक आहे. घर बांधावयास निघालेला गृहस्थ आधीं आपला पगार पाहतो, आणि त्यास पैसे देणारी पेढीही तोच पाहते.

परंतु पगारदाराची गोष्ट निराळी आणि रत्नागिरीकडील आंब्याच्या बागवाल्याची निराळी. दोघांची दहा वर्षांची सरासरी प्राप्ति अगदीं सारखी असली, तरी दोघांस सारखेंच कर्ज झेपेल असें नाहीं. पगार ठरल्या दिवशीं हातीं पडतो. बागेचा मोहर चांगला आला, तो गळला नाहीं, वादळ आलें नाहीं आणि मुंबईच्या बाजारांत भाव मिळाला, तर एका हंगामांत दोन वर्षांची कमाई होते. यांपैकीं एक जरी बिघडलें, तरी राखणदाराचा पगारदेखील अंगावर पडतो. व्याजाची तारीख मात्र मोहराकडे पाहून पुढें सरकत नाहीं. म्हणून शहाणा सावकार बागवाल्यास गेल्या हंगामाचा हिशेब विचारीत नाहीं. गेल्या दहा हंगामांतील सर्वांत वाईट हंगाम कसा गेला, तें विचारतो.

खाणीची कंपनी ही बागवाल्याच्या जातीची असते. तिचा माल कितीही उत्तम असो, त्याचा भाव ती ठरवीत नाहीं. तांबें, जस्त, ॲल्युमिनियम यांचे भाव लंडनच्या धातुबाजारांत ठरतात. लोहखनिजाचा भाव बव्हंशीं चीनमधील पोलादाच्या भट्ट्यांच्या भुकेवर अवलंबून असतो. हा विषय एके काळीं दलालांपुरता होता. आज मध्यम स्थितीच्या घरांतील शिल्लकही शेअर किंवा म्युच्युअल फंड या वाटेनें खाणींच्या कंपन्यांत जाऊन पोहोंचते, आणि पुष्कळदां ती भरघोस डिव्हिडंड पाहून तेथें जाते. भरघोस डिव्हिडंड व भरघोस कर्ज हीं दोन्ही एकाच छपराखालीं बरींच वर्षें सुखानें नांदूं शकतात, हें मात्र सर्वांच्या लक्षांत येत नाहीं.

कर्ज व प्राप्ति यांचें प्रमाण काढण्याची बाजारांतील रूढ रीति अशी. कंपनीच्या एकूण कर्जांतून तिच्याजवळची रोख रक्कम वजा करावयाची; उरेल तें निव्वळ कर्ज. मग वर्षाची प्राप्ति घ्यावयाची, पण ती व्याज, कर आणि घसारा हीं वजा टाकण्यापूर्वींची. हिला बाजारांत एबिट्डा असें एक कर्णकटु नांव आहे. येथें तिला ढोबळ प्राप्ति म्हटलें म्हणजे काम भागेल. निव्वळ कर्जास ढोबळ प्राप्तीनें भागिलें कीं जो आंकडा येतो तो असें सांगतो, कीं ही सगळी प्राप्ति कर्जाकडेच वळविली तर तें इतक्या वर्षांत फिटेल. आंकडा एकाच्या आंत असला तर चिंता नको, दोनपर्यंत चालतें, तीनच्या पलीकडे गेला कीं सावकाराच्या कपाळास आठ्या पडूं लागतात, असा एक सर्वसाधारण ठोकताळा आहे.

भागाकार शाळेंतल्या मुलासही येईल. अडचण भागाकारांत नसून भाजकांत आहे. फळ्यावर मांडावें असें एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. समजा, एक तांब्याची खाण आहे. तांब्याचा भाव टनास ६,००० डॉलर आहे आणि एक टन तांबें काढून, शुद्ध करून बंदरापर्यंत पोंचविण्यास ४,५०० डॉलर खर्च येतो. टनामागें १,५०० डॉलर उरतात. वर्षाच्या उत्पादनांतील प्रत्येक टनामागें कंपनीच्या डोक्यावर ३,००० डॉलर कर्ज आहे. प्रमाण झालें दोन. सर्व कांहीं ठीक. आतां भाव दहा टक्क्यांनीं उतरून ५,४०० झाला. खाणींतलें पाणी उपसणारे पंप, मजुरी, वीज, डिझेल यांचा खर्च लागलाच उतरत नाहीं; तो ४,५०० च राहिला. टनामागें उरले ९००. भाव दहा टक्क्यांनीं उतरला, पण प्राप्ति चाळीस टक्क्यांनीं उतरली, आणि प्रमाण दोनाचें तीन व एकतृतीयांश झालें. भाव आणखी ६०० नें खालीं आला तर टनामागें ३०० च उरतात आणि प्रमाण होतें दहा! कंपनीनें एका डॉलरचेंही नवें कर्ज काढलेलें नाहीं. तिच्या कारभारांत कांहीं चुकलेलें नाहीं. तरीही जी कंपनी चैत्रांत सुस्थितींत होती, ती दिवाळीपर्यंत सावकाराच्या दारांत उभी राहिली.

भाव एवढा कोठें पडतो, असें कोणी म्हणेल. फेब्रुवारी २०११ मध्यें तांब्याचा भाव टनास १०,००० डॉलरच्या वर गेला होता. जानेवारी २०१६ मध्यें तो साडेचार हजारांच्याही खालीं होता.

या पांच वर्षांच्या उताराची खरी कहाणी ग्लेनकोर या कंपनीच्या हिशेबांत वाचावयास मिळते. स्वित्झर्लंडमध्यें ठाणें असलेली ही कंपनी खाणीही चालविते आणि धातु, कोळसा, तेल यांचा व्यापारही करते. मे २०११ मध्यें, म्हणजे भाव ऐन भरांत असतां, तिनें लंडनच्या बाजारांत आपला शेअर ५३० पेन्सांस विकला. २०१३ मध्यें तिनें एक्स्ट्राटा ही मोठी खाणकंपनी आपल्यांत सामावून घेतली. तिच्या खाणींबरोबर तिचें कर्जही आलें. २०१४ च्या अखेरीस ग्लेनकोरचें निव्वळ कर्ज ३०.५ अब्ज डॉलर होतें आणि त्या वर्षाची ढोबळ प्राप्ति १२.८ अब्ज. प्रमाण सुमारें २.४. निर्धास्त नव्हे, पण भयंकरही नव्हे.

२०१५ सालीं चीनची मागणी मंदावली आणि तांबें, कोळसा, जस्त यांचे भाव एकामागून एक घसरले. ७ सप्टेंबर २०१५ रोजीं कंपनीनें कर्ज सुमारें १० अब्ज डॉलरांनीं कमी करण्याची योजना जाहीर केली. अडीच अब्जांचे नवे शेअर विकावयाचे, डिव्हिडंड बंद ठेवावयाचा, कांहीं मालमत्ता विकावयाची आणि आफ्रिकेंतील तांब्याच्या दोन मोठ्या खाणींचें उत्पादन दीड वर्ष थांबवावयाचें, असा तिचा आराखडा होता. इतकें करूनही बाजाराचा विश्वास बसला नाहीं. त्याच महिन्याच्या २८ तारखेस लंडनमधील एका पेढीच्या टिपणांत असा हिशेब मांडला गेला, कीं भाव असेच राहिले तर कंपनीचें जवळजवळ सर्व मूल्य सावकारांच्या वांट्यास जाईल आणि भागधारकांस फारसें कांहीं उरणार नाहीं. त्या एका दिवसांत शेअर २९ टक्क्यांनीं कोसळून ६९ पेन्सांच्या आसपास आला. चार वर्षांपूर्वीं ५३० पेन्स मोजणारा गृहस्थ त्या संध्याकाळीं काय म्हणाला असेल, तें सांगावयास नको.

यानंतरचा आंकडा या सर्व विषयाचें मर्म आहे. वर्षभर धडपड करून ग्लेनकोरनें निव्वळ कर्ज ३०.५ अब्जांवरून २५.९ अब्जांवर आणलें. साडेचार अब्जांहून अधिक रक्कम कमी झाली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच वर्षांत ढोबळ प्राप्ति १२.८ अब्जांवरून ८.७ अब्जांवर आली. म्हणून प्रमाण कमी होण्याऐवजीं २.४ वरून जवळजवळ तीनावर गेलें. कर्ज कमी झालें आणि कर्जाचें ओझें वाढलें! डिसेंबर २०१५ व फेब्रुवारी २०१६ मध्यें दोन प्रमुख पतमापन संस्थांनीं तिची पत भरंवशाच्या रोख्यांतील शेवटच्या पायरीवर आणून ठेविली. व्यापार करणाऱ्या कंपनीस बँकांच्या पतीवांचून एक जहाजही भरतां येत नाहीं. त्या पायरीखालीं पाऊल जाणें तिला परवडणारें नव्हतें.

आतां ज्या गृहस्थास २०१४ च्या अखेरीस हे शेअर घ्यावयाचे होते, त्यास आधीं कांहीं कळण्याचा मार्ग होता कीं नाहीं? पुढील वर्षाचा भाव कोणासच ठाऊक नसतो. परंतु हातांत असलेलें कर्ज चांगल्या वर्षाच्या प्राप्तीनें न भागितां वाईट वर्षाच्या प्राप्तीनें भागून पाहणें, एवढें तरी कोणासही करतां येतें. ३०.५ अब्जांस ८.७ नें भागिलें कीं साडेतीन येतात. प्राप्ति तिसऱ्या हिश्श्यानें घटेल, एवढें धरून चालणारास हा आंकडा वर्षभर आधींच कागदावर दिसला असता. धातूंच्या बाजाराचा इतिहास पाहतां तसें धरणें म्हणजे कांहीं भित्रेपणा नव्हे.

ग्लेनकोरच्या हिशेबांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती नवख्यास सहसा दिसत नाहीं. ३०.५ अब्ज हें जें निव्वळ कर्ज, तें केवळ रोख वजा करून निघालेलें नव्हतें. कंपनीच्या गोदामांत आणि जहाजांवर जो माल होता, त्यांतील चटकन विकतां येण्याजोगा माल रोकडीसारखाच मानून तोही वजा केलेला होता. तो वजा न करतां मोजलें तर आंकडा ४९.८ अब्ज होता, आणि प्रमाण जवळजवळ चार. व्यापारी पेढीच्या दृष्टीनें या रीतीस आधार आहे. विकत घेतलेलें तांबें बहुधा गिऱ्हाइकाच्या नांवावर लागलेलें असतें. लबाडी म्हणावी असें त्यांत कांहीं नाहीं, कारण कंपनी दोन्ही आंकडे छापीत असे. परंतु घरांतलें धान्य हें बँकेंतल्या शिलकेसारखेंच होय, असें म्हणणाऱ्या गृहिणीस घरचा वडीलधारा माणूस एक प्रश्न अवश्य विचारील: विकावयाची पाळी आली त्या दिवशीं भाव काय असेल? कर्जाचा आंकडा वाचतांना त्यांतून काय काय वजा केलें आहे हें पाहिल्याखेरीज पुढचा भागाकार करूंच नये.

रिओ टिंटो या दुसऱ्या मोठ्या कंपनीची गोष्ट याहून जुनी, आणि एका अर्थीं अधिक बोधप्रद आहे. २००७ सालीं तिनें कॅनडांतील अल्कन ही ॲल्युमिनियमची कंपनी ३८.१ अब्ज डॉलर देऊन घेतली आणि त्यासाठीं प्रचंड कर्ज काढलें. २००८ च्या अखेरीस तिचें निव्वळ कर्ज ३८.७ अब्ज होतें, पण ढोबळ प्राप्तीही २२ अब्जांच्या वर होती. प्रमाण केवळ पावणेदोन! नुसता हा आंकडा पाहणारानें कंपनीची पाठ थोपटली असती. प्रत्यक्षांत डिसेंबर २००८ मध्येंच तिला १४,००० माणसें कमी करण्याचें जाहीर करावें लागलें होतें. २२ अब्ज ही प्राप्ति बहुतांशीं त्या वर्षाच्या पूर्वार्धांतील चढ्या भावांची होती. वर्ष संपलें तेव्हां ते भाव उरलेच नव्हते. ॲल्युमिनियम २००८ च्या उन्हाळ्यांत टनास ३,००० डॉलरच्या वर होतें, तें पुढील फेब्रुवारींत १,३०० च्या आसपास आलें. शिवाय कर्जांतील जवळजवळ नऊ अब्ज ऑक्टोबर २००९ मध्यें परत करावयाचे होते, आणि त्या हिवाळ्यांत जगांतील बँका स्वतःच घाबरलेल्या होत्या. कंपनीनें आधीं चिनालको या चिनी सरकारी कंपनीकडून १९.५ अब्ज घेण्याचा करार केला. जून २००९ मध्यें तो मोडून जुन्या भागधारकांकडेच सुमारें १५ अब्जांचें नवें भांडवल मागितलें. ज्यांनीं डिव्हिडंडाच्या आशेनें शेअर घेतले, त्यांनाच उलट खिशांत हात घालावा लागला. कर्ज किती, याइतकाच कर्ज केव्हां फेडावयाचें हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हें या प्रकरणांत स्पष्ट दिसतें. अल्कनची खरेदी पुढेंही अंगावर आली. जानेवारी २०१३ मध्यें रिओ टिंटोनें आपल्या मालमत्तेचें मूल्य सुमारें १४ अब्ज डॉलरांनीं कमी दाखविलें. त्यांतील मोठा भाग ॲल्युमिनियमचा होता, आणि मुख्याधिकाऱ्यांस पद सोडावें लागलें.

आंबा आणि खाण यांत एक भेदही आहे, आणि तो खाणीच्या विरुद्ध जातो. आंब्याचें झाड फळ देऊन उरतें. खाण टनाटनानें संपते. म्हणून घसारा वजा न करतां काढलेली ढोबळ प्राप्ति खाणीच्या बाबतींत जरा जास्तच गोड चित्र दाखविते. एखाद्या छापखान्यानें घसारा बाजूस न ठेवतां दोन-तीन वर्षें जुन्याच यंत्रावर भागविलें, तर चालून जातें. खाणीस पुढील वर्षीं तेवढेंच खनिज काढावयाचें असेल तर दरसाल अधिक खोल जावें लागतें, माथ्यावरची अधिक माती हलवावी लागते, नवे मार्ग खणावे लागतात, आणि शेवटीं खड्डा बुजवून जमीन ठीक करण्याचा खर्चही येतो. हा खर्च टाळतां येत नाहीं, म्हणून त्यास प्राप्ति म्हणणें हें आत्मवंचन होय. ढोबळ प्राप्तींतून खाण चालू ठेवण्याचा हा खर्च आधीं वजा करावा आणि उरलेल्या रकमेनें कर्जास भागावें. आंकडा कधीं कधीं दुप्पट होतो. त्याच ओघांत खाणींत खनिज किती वर्षें पुरेल, तेंही पाहावें. आठ वर्षांत संपणाऱ्या खाणीवर बारा वर्षांच्या मुदतीचें कर्ज असेल, तर शेवटचीं चार वर्षें तें कोण फेडणार?

भाव पडण्यानेंच प्राप्ति घटते असें नाहीं. ती कायद्यानें एका दिवसांत शून्यावरही येते. गोमंतकांत हें डोळ्यांदेखत घडलें. सप्टेंबर २०१२ मध्यें राज्य सरकारनें लोहखनिजाच्या खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाचा मनाईहुकूम झाला. एप्रिल २०१४ मध्यें वर्षास दोन कोटि टनांच्या मर्यादेनें मनाई उठली. फेब्रुवारी २०१८ मध्यें न्यायालयानें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द ठरविलें आणि मार्चपासून खाणी पुनः बंद पडल्या. न्यायालयाची भूमिका योग्यच होती. नियम मोडून खणलेल्या खनिजाचा नफा हा नफाच नव्हे. परंतु त्यांत मोठ्या कंपन्यांपेक्षां अधिक होरपळले ते ट्रकवाले आणि मांडवी-जुवारीच्या पात्रांतून खनिज वाहून नेणारे बार्जवाले. चिनी मागणीच्या सुगीच्या वर्षांत कित्येकांनीं बँकेचें कर्ज काढून ट्रक घेतले होते. महिन्याचा हप्ता आणि महिन्याच्या खेपा यांचा हिशेब त्यांनींही केला होता, आणि तो बरोबर होता. पण खेपा शून्य झाल्या तर काय, ही ओळ त्यांत नव्हती. दारांत उभे असलेले ट्रक गंजूं लागले आणि हप्ते मात्र चालूच राहिले. अखेर सरकारला कर्जसवलतीची योजना काढावी लागली. डिचोली-सांखळीच्या बाजूस ज्यांचीं नातींगोतीं आहेत, त्या श्रोत्यांना याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

ग्लेनकोर मात्र त्या संकटांतून वांचली. शेतमालाच्या व्यापाराचा जवळजवळ निम्मा हिस्सा कॅनडांतील निवृत्तिवेतनाच्या निधींस विकून, डिव्हिडंड बंद ठेवून आणि भावांची थोडी साथ मिळून तिनें २०१६ च्या अखेरीस निव्वळ कर्ज १५.५ अब्जांवर आणलें. ढोबळ प्राप्ति १०.३ अब्ज झाली आणि प्रमाण दीडावर आलें. लंडनच्या वर्तमानपत्रांनीं या कारभाराची वाखाणणी केली.

तिकडे आफ्रिकेंत ज्या खाणी थांबविल्या, त्यांतील एक झांबियामधील मोपानी आणि दुसरी काँगोंतील कटंगा. दोन्ही मिळून चार लाख टन तांबें बाजारांतून काढून घेतल्यानें भाव सांवरेल, असें गणित होतें. भाव सांवरला, पण सावकाश. आणि मोपानींत हजारो कामगारांस घरीं बसावें लागलें. ज्या कर्जासाठीं हें झालें तें त्यांनीं काढलेलें नव्हतें, आणि ग्लेनकोरचा ताळेबंद त्यांनीं कधीं पाहिलाही नसेल.

पुढें २०२१ च्या आरंभीं ग्लेनकोरनें मोपानीचा आपला हिस्सा झांबियाच्या सरकारी कंपनीस विकला. किंमत ठरली एक डॉलर. मात्र खाणीच्या डोक्यावर ग्लेनकोरचें जें देणें होतें, त्यांतील दीड अब्ज डॉलरचें देणें तसेंच ठेवण्यांत आलें. त्याच्या फेडीची अट अशी, कीं वर्षास अमुक रक्कम असा ठरीव हप्ता नाहीं. पहिलीं तीन वर्षें खाणीच्या विक्रीच्या शेंकडा तीन, आणि पुढें शेंकडा दहापासून साडेसतरापर्यंत. तांब्याचा भाव चढला कीं हप्ता चढावयाचा, उतरला कीं उतरावयाचा. बागवाल्यास कर्ज कसें द्यावें, हें त्या कंपनीस ठाऊक नव्हतें असें नाहीं.